आत्याने मान वळवली नाही

तिला नाव नव्हतं असं नाही, पण ते गावात कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. भावाच्या मुलीची ती आत्या, म्हणून मग सगळ्या गावाचीच आत्या. तिच्याहून थोराड, तोंडात दात नसलेला कुंभारसुद्धा तिला आत्या म्हणायचा आणि ती त्याला "काय रे बाळा" म्हणून ओ द्यायची. अंगाने बुटकी आणि रुंद. चालायला लागली की कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटायचं. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि बसलीच तर माशीचं काही खरं नसायचं.

त्यांचं घर विहिरी खोदणारं. बापाने खोदल्या, मग भावाने. आत्या खाली कधी उतरली नाही. ती वर उभी राहून दोर धरायची. पाणी लागलं की लोक खोदणाऱ्याला खांद्यावर घेऊन नाचतात, त्याच्या नावाचा जयजयकार करतात, आणि दोर धरणारी बाई बाजूला बसून तळहाताला तेल लावत असते. पण खोदणाऱ्याला विचारा. तो सांगेल, की खाली असताना आभाळ ताटलीएवढं दिसतं आणि त्या ताटलीच्या काठावर जे डोकं दिसतं त्याच्यावर सगळी मदार असते.

काम असं असायचं. विहिरीच्या तोंडावर लाकडी चौकट, चौकटीत कप्पी. कप्पीवरून दोर खाली जायचा. त्याच्या टोकाला बसायला फळी आणि फळीच्या वर माणसाच्या कमरेला गाठ. इकडे वर एक जाड खुंटा रोवलेला. दोराचा त्याला एक वेढा द्यायचा आणि टोक हातात ठेवायचं. टोक खुंट्याला बांधायचं मात्र नाही. खुंट्याला गुरं बांधतात, माणूस नाही, असं आत्याचा बाप म्हणायचा.

या धंद्याचे काही कायदे होते. ते कुणी लिहून ठेवले नव्हते, पण मोडायची छातीही कुणाची नव्हती. खाली माणूस असेतो दोरवालीने मान वळवायची नाही, मागून कुणीही हाक मारो. एकदा धरलेला दोर दुसऱ्या हातात द्यायचा नाही. वर आलेल्याने जमिनीवर उभं राहून स्वतःच्या तोंडाने "पाय टेकले" म्हणायचं. ते म्हणेपर्यंत तो दोरावरच, मग भले तो घरी जाऊन जेवून झोपलेला असो. आणि दोरावर "अहो" नसतं. सासरा उतरला तरी तो "तू". का, तर "अहो, जरा डावीकडे सरकता का" एवढं म्हणेपर्यंत दगड डोक्यात पडलेला असतो.

आत्या पोरगी होती तेव्हा बापाच्या हाताखाली दोर धरायला शिकली होती, पण लग्नानंतर तिने तो ठेवून दिला होता. नवराही खोदणाराच. एकदा गढीतल्या अंगणात नवी विहीर चालली होती. आत्या तापाने पडली होती, म्हणून दोराला गढीवरचाच एक नोकर दिला होता. नवरा खाली, आणि गढीचे दिवाणजी घोड्यावरून आले. मागूनच ओरडले, "ए, इकडे ये, घोडा धर!" नोकराने मान वळवली. दिवाणजींना थांबवून ठेवायची कुणाची टाप? त्याने टोक खुंट्याला बांधलं आणि घोडा धरायला धावला. गाठ निसटली. घोडा धरायला माणूस सोडला गेला. दुसऱ्या दिवशी गढीवरून धान्याचं एक पोतं आलं. आत्याने ते तापातच उचललं, गढीच्या दारात नेऊन टाकलं आणि परत येऊन पुन्हा अंथरुणावर पडली. बरी झाली ती थेट दोर घेऊनच उभी राहिली. त्यानंतर तिच्या दोरावरून एकही माणूस पडला नाही. यात बढाई नाही, गावातली म्हातारी माणसं शपथेवर सांगतील.

आता गढीबद्दल. गढी टेकाडावर, गाव पायथ्याशी. जमीन गढीची, राबणारे हात गावाचे. थोरले मालक म्हणजे जुन्या वळणाचा माणूस. गावातल्या कुणाकडे बघायचे ते कपाळाच्या वर कुठेतरी बघायचे. त्यांना एकच मुलगा. परमुलखात शिकून आलेला, अंगाने काडी, आणि चेहऱ्यावर कायम काहीतरी विचारायचं राहून गेल्याचा भाव. गाव त्याला धाकटे मालक म्हणायचं आणि पाठीमागे "काडी" म्हणायचं.

त्या वर्षी ओढा आटला, शेतं करपली. लोकांच्या चुली थंड पडायला लागल्या. गढीच्या कोठारात दोन वर्षांचं धान्य होतं आणि कोठाराला कुलूप होतं. अशा दिवसांत थोरल्या मालकांना काय सुचावं? बाग सुकतेय म्हणून माळावर नवी विहीर खोदायचा हुकूम झाला. पोट जाळायचं तर हुकूम पाळायला हवा, म्हणून आत्या आणि तिचा भाऊ कामाला लागले. विहीर बऱ्यापैकी खोल गेली आणि एके दिवशी अर्ध्यावरच्या कपारीतून पाणी पाझरायला लागलं.

ते कळताच काडी धावत आली. "मला बघायचंय. मी उतरतो."

भाऊ त्या दिवशी कामावर नव्हता, गावातल्या माणसांबरोबर कोठाराकडे गेला होता. आत्या एकटीच होती. तिने धाकट्या मालकांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"उतरा. पण कायदे ऐकून घ्या." तिने सगळे सांगितले. शेवटी म्हणाली, "आणि फळीवर बसलात की मी अरेतुरे करणार. राग आला तर आत्ताच घरी जा."

"नाही येणार राग," धाकटे मालक म्हणाले.

"मग बस," आत्या म्हणाली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गढीबाहेरच्या माणसाच्या तोंडून "तू" ऐकलं. ते जरा बावरले आणि निमूटपणे बसले.

ते कपारीपर्यंत पोचले असतील नसतील, तोच गावाकडून गलका आला. आत्याला आवाजावरून कळलं की माणसं पुष्कळ आहेत आणि बेभान आहेत. तिने मान वळवली नाही. माणसं जवळ आली, विहिरीभोवती कोंडाळं झालं. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात पहार. भाऊ पुढे आला. त्याचं कपाळ फुटलं होतं.

"आत्या," तोही तिला आत्याच म्हणायचा, "पोरीला धरलं. तिने कोठाराचं कुलूप पहारीने फोडलं आणि शिपायांनी तिला तळघरात टाकलं. थोरला म्हणतो, उद्या सकाळी दारासमोर फाशी." त्याने विहिरीत डोकावून बघितलं. "खाली कोण आहे ते कळलंय आम्हाला. सोड त्याला."

भाची तिने अंगाखांद्यावर खेळवलेली. तिला स्वतःचं मूल नव्हतं. होतं नव्हतं ते सगळं या पोरीत होतं. पण हातातला दोर जरासुद्धा सैल झाला नाही.

"वर आला, पाय टेकले म्हणाला, की तो तुमचा," ती म्हणाली. "तोवर तो माझा."

"तुझा? अगं, तुझ्या नवऱ्याला कुणी मारलं?"

"दोर सोडणाऱ्याने मारलं. आणि त्याला हाक मारणाऱ्याने. मी दोघांपैकी कुणीच होणार नाही."

लोहार पुढे सरसावला आणि त्याने दोरावर कोयता टेकवला. तो तसा मनाने वाईट नव्हता, पण घरात तीन दिवस चूल पेटली नव्हती आणि भुकेल्या माणसाला कायदा लांबचा वाटतो.

"तोड," आत्या म्हणाली. "पण एवढंच सांग. गेल्या साली तुझा भाऊ विहिरीत गुदमरला तेव्हा त्याला कुणी ओढून काढला? वर आल्यावर दुपारभर त्याची शुद्ध हरपली होती. पाय टेकले म्हणेपर्यंत मी दोर धरून त्याच्या उशाशी बसले होते की नाही? तू मला पाणी पाजलंस की नाही?"

लोहाराने कोयता खाली घेतला. कोंडाळ्यातली निम्मी माणसं कधी ना कधी त्याच दोरावर लोंबकळली होती. ती एकमेकांची तोंडं बघायला लागली.

विहिरीत वरचं बोलणं अगदी स्पष्ट ऐकू जातं. धाकट्या मालकांनी खाली अंधारात, पाण्याच्या कपारीसमोर लटकत, स्वतःच्या जिवावर चाललेला हा वाद शब्दन् शब्द ऐकला. आत्याने खुंट्याचा वेढा काढला आणि मागे मागे चालत त्यांना वर ओढलं. कुणी मदत केली नाही आणि तिने मागितलीही नाही. काडीचं वजन ते किती असणार, पण ओढताना तिच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या.

धाकटे मालक काठावर आले. चेहरा पांढराफटक. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. आत्याने त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं.

"गप्प बस," ती म्हणाली. "इथे काही बोलू नकोस. चल."

तिने दोर कप्पीवरून काढला, टोक मनगटाला गुंडाळलं आणि चालायला लागली. त्यानंतर गावाने जे पाहिलं ते पुढे तीन पिढ्या सांगितलं गेलं. माळावरून, मग कुंभाराच्या गल्लीतून, लोहाराच्या भात्यासमोरून, धोब्यांच्या वाळत घातलेल्या चादरींखालून पुढे आत्या आणि मागे कमरेला दोर बांधलेले धाकटे मालक, बाजारातून वासरू आणावं तसे. दोन्ही बाजूंनी कोयते घेतलेली माणसं चालत होती आणि एकाचंही बोट त्यांना लागत नव्हतं. खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "आत्या, केवढ्याला घेतलास गं?" आणि त्या तशा प्रसंगातही माणसं फसकन हसली.

गढीचा दरवाजा आला. वरच्या शिपायांनी भाले रोखले. धाकट्यांनी हात वर केला, तेव्हा ते थांबले. भाऊ आत्याच्या कानाशी आला. त्याचा आवाज आता रडवेला झाला होता.

"आता माग. दोर तुझ्या हातात आहे. पोरीला बाहेर काढा म्हण, मग सोडते म्हण. एवढंच. आत्या, तुझ्या पाया पडतो."

आत्याला ते सुचलं नव्हतं असं नाही. माळापासून दरवाजापर्यंत तिने दुसरा विचारच केला नव्हता. तिचं काळीज पोरीसाठी तुटत होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर तो घोडा उभा राहिला.

"दोरावरच्या माणसाचा सौदा होत नाही," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचा घोड्याशी झाला होता. हे मी केलं तर त्यांच्यात न् माझ्यात फरक काय राहिला?"

"तू माझी बहीण नाहीस," भाऊ म्हणाला आणि तिच्या पायाशी थुंकला.

तिने ते गिळलं. धाकट्या मालकांकडे वळून म्हणाली, "पोचलास घरी. आता पाय टेकले म्हण आणि आत जा."

धाकटे मालक तिच्याकडे बघत राहिले. मग कमरेची गाठ स्वतःच्या हाताने सोडली, दोर तिच्या पायाशी ठेवला आणि एक शब्दही न बोलता आत गेले. दरवाजा बंद झाला.

मग गावाने आत्याला बोलायचं बाकी ठेवलं नाही. विहीरवाल्यांच्या घरात हा उलटा खड्डा कुठून आला, मालकांची मांजर, घरभेदी. हे सगळं ती ऐकत होती आणि हातातला रिकामा दोर गुंडाळत होती. वर तिला आणखी एक चीड होती. एवढं शिकून आला, एवढं समजावून सांगितलं आणि साधं "पाय टेकले" म्हणायला विसरला! शहाण्याला म्हणे शब्दाचा मार. या शहाण्याला तर शब्दच सापडत नव्हता.

दिवस मावळायच्या आधी गढीचं लहान दार उघडलं आणि भाची बाहेर आली. एकटी, हिसकावून घेतलेली पहार पुन्हा खांद्यावर. "धाकट्याने दिवाणजींच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या," ती म्हणाली. "आणि मला म्हणाला, आत्याला सांग, मी विसरलेलो नाही." भावाने पोरीला मिठी मारली आणि तो ढसाढसा रडला. बहिणीकडे बघायची त्याला हिंमत झाली नाही. मी विसरलेलो नाही म्हणजे काय, ते त्या दिवशी कुणालाच उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या भाचीला घेऊन माळावर गेली. गढीचं काम आता गेलं खड्ड्यात, पण लागलेलं पाणी अर्धवट सोडायचं नसतं. ते गावाला तरी होईल, असा तिचा हिशोब. दोर लावते न लावते, तोच धाकटे मालक टेकाडावरून धावत येताना दिसले. धापा टाकत आले आणि थेट फळीवर बसले. कमरेला गाठ मारली. गाठ चुकली होती, ती आत्याने नीट केली.

"माझ्या मागून शिपाई येतायत," ते म्हणाले. "तुला आणि हिला धरायचा हुकूम आहे. मी अजून पाय टेकले म्हटलेलं नाही. म्हणजे मी कालपासून तुझ्या दोरावर आहे. बरोबर?"

"बरोबर," आत्या म्हणाली.

"मग सोड मला खाली. अर्ध्यावर. आणि कायद्याप्रमाणे धर."

तेव्हा तिला उमगलं की हा विसराळू नाही. हा काल दारात उभा राहून तिला न विचारता तिच्या दोराला लटकला होता. आत्याला काय वाटलं ते तिने पुढे भाचीला सांगितलं, "पहिल्यांदा वाटलं, गढीत माणूस जन्माला आला." पण त्या वेळी ती एवढंच म्हणाली, "पाय भिंतीला लावू नकोस, माती ढासळते." आणि त्याला खाली सोडलं.

शिपाई आले. त्यांचा नाईक पुढे झाला आणि काय प्रकार आहे ते बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाईला हात लावावा तर मालकांचा एकुलता एक वारस विहिरीत. त्याने एका दांडग्या शिपायाला दोर घ्यायला सांगितलं. खालून आवाज आला, "दोर दुसऱ्या हातात गेला तर मी गाठ सोडीन." शिपाई जिथल्या तिथे थबकला. नाईकाने एक स्वार गढीकडे पिटाळला.

वेळ जात राहिला. ऊन चढलं. सारा गाव माळावर गोळा झाला, शिपायांच्या मागे. आदल्या दिवशी धाकट्याला एकदाच वर ओढायचं होतं. आता त्याला नुसतं धरून ठेवायचं होतं, आणि ते जास्त कठीण. खुंट्याचा वेढा होता म्हणून, नाहीतर कुठल्याही माणसाचं ते काम नव्हतं. आत्याचे दंड थरथरायला लागले, पोटऱ्यांना गोळे आले. भाची पाण्याचा तांब्या तिच्या ओठांना लावत होती.

आणि मग गर्दीतून भाऊ आला. दोन शिपायांच्या मधून, त्यांच्याकडे न बघता. आत्याच्या मागे जाऊन त्याने तिच्या पाठीला पाठ लावली आणि टाचा मातीत रोवल्या.

"दोराला दुसरा हात नको म्हणून कायदा आहे," तो म्हणाला. "दोरवालीला पाठ नको असं कुणी म्हटलंय?"

"थुंकतोस आणि वर टेकू देतोस," आत्या म्हणाली.

"रात्री घरी शिव्या घाल. आत्ता उभी राहा."

दुपार टळायच्या आधी थोरले मालक घोड्यावरून आले. आत्याच्या मागे येऊन थांबले. गर्दी आपोआप मागे सरली.

"ए बाई," ते म्हणाले. "इकडे बघ."

आत्या विहिरीच्या काठाकडे बघत होती.

"इकडे बघ! मालक बोलतोय तुझ्याशी."

"बोला मालक. कान उघडे आहेत. मान वळणार नाही."

"आमचं मीठ खातेस आणि आमच्याच मुलाला टांगून ठेवतेस?"

"मीठ तुमचं, पाणी आमचं," आत्या म्हणाली. आवाज दमलेला होता, पण गर्दीच्या टोकापर्यंत गेला. "गढीच्या अंगणातली विहीर माझ्या नवऱ्याने खोदली. तुमच्या दिवाणजींनी अशीच मागून हाक मारली आणि दोर धरणाऱ्याने मान वळवली. त्या विहिरीचं पाणी तुम्ही आज सकाळीही प्यायला असाल. आज तुमचं लेकरू खाली आहे. सांगा, मालक, वळवू मान?"

विहिरीतून मुलाचा आवाज आला, "वळवायला सांगू नका, बाबा." तो आवाज वाटला होता त्यापेक्षा लहान होता, खूप खालून आलेला.

मग थोरले मालक घोड्यावरून उतरले. "घोडा धरा," म्हणाले. सवयच ती. दिवाणजी आलेले नव्हते, शिपाई भाले सांभाळत होते आणि गावातलं कुणीही जागचं हललं नाही. लोहार तर हाताची घडी घालून आभाळात ढग शोधत राहिला. मालकांनी लगाम सोडून दिला. घोडा चालत चालत गेला आणि कुंभाराच्या वाळलेल्या कुंपणाला तोंड लावून उभा राहिला. मालक मात्र पायी, विहिरीला वळसा घालून, ढेकळांत ठेचकाळत आत्याच्या समोर येऊन उभे राहिले. त्यांना बघायला तिला मान वळवावी लागली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गावातल्या माणसाच्या कपाळाच्या वर नाही, डोळ्यांत बघितलं.

"काय हवंय?" त्यांनी विचारलं.

"मला काही नको. दोरावरच्या माणसाचा सौदा मी करत नाही. त्याला विचारा."

त्यांनी वाकून विहिरीत तोंड घातलं आणि मुलाला विचारलं. मुलाने खालून सांगितलं. बाईला, तिच्या भाचीला आणि काल कोठारावर गेलेल्या कुणालाही हात लागणार नाही, आणि कोठार आज उघडेल. सगळ्या गावासमोर, मोठ्याने म्हणा. थोरल्या मालकांनी ते मोठ्याने म्हटलं. एकेक शब्द दाढ उपटावी तसा निघाला, पण निघाला. आणि गढीचा माणूस काहीही असला तरी चारचौघांत दिलेला शब्द फिरवणारा नव्हता, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

आत्याने धाकट्याला वर घेतलं. त्याने गाठ सोडली. सगळे वाट बघत होते. तो आत्याकडे बघून हसला, बापाच्या मागोमाग घोडा शोधायला गेला आणि या वेळीही ते दोन शब्द म्हणाला नाही.

पुढे वर्षं गेली. थोरले मालक वारले, काडी मालक झाली आणि थोडी जाडही झाली. कोठाराला कुलूप राहिलं, पण त्याची एक किल्ली कुंभाराच्या घरी असायची. आत्या नव्या मालकांना भर बाजारात "ए, इकडे ये" म्हणायची. परगावचे व्यापारी ऐकून चाट पडायचे. "पाय टेकलेले नाहीत अजून त्याचे," गावातलं कुणीतरी त्यांना ऐटीत समजावून सांगायचं. "आमच्या आत्याच्या दोरावर आहे तो." कधी मालकांच्या हातून काही वाकडं व्हायला लागलं, की आत्या नुसती मूठ आवळून दाखवायची आणि ते पुरायचं.

पण हातपाय थकतात. एक दिवस तिने ठरवलं की दोर आता भाचीला द्यायचा. आणि कायदा आड आला. दोरावर माणूस असताना दोर दुसऱ्या हातात जात नाही. तिने गढीवर निरोप धाडला. मालक आले, जुन्या माळावरच्या विहिरीपाशी, जिचं पाणी आता गावच भरायचं. गाव जमला. मालकांनी पायातले जोडे काढले आणि मातीत उभे राहिले.

"पाय टेकले, आत्या," ते म्हणाले.

आत्याने मोठा सुस्कारा सोडला. "सुटले एकदाची. वजन वाढलं होतं तुमचं." तिने "तुमचं" म्हटलं आणि लोकांना उगीचच चुकल्यासारखं वाटलं. मग तिने दोर भाचीच्या हातात न देता मालकांच्या हातात दिला आणि स्वतः फळीवर बसली.

"जन्मभर वर उभी राहिले," ती म्हणाली. "खालून आभाळ कसं दिसतं ते माझा नवरा सांगायचा. मला बघायचंय."

मालकांनी दोराचा खुंट्याला वेढा दिला आणि टोक मुठीत आवळलं. "उतरा, आत्या. मी धरलंय."

"दोरावर अहो नसतं."

"उतर, आत्या," ते म्हणाले.

ती उतरली. गढीचा मालक पाय रोवून, घामाने निथळत दोर धरून उभा राहिला. मध्येच गढीवरून त्यांचा नोकर धावत आला, सरकारी पाहुणे आलेत, साहेब खोळंबलेत, म्हणून मागून हाका मारायला लागला. त्यांनी मान वळवली नाही. गाव बघत होता, आणि नोकराला गप्प करायला पहिला धावला तो लोहार.

बऱ्याच वेळाने दोराला हिसका बसला. त्यांनी तिला वर घेतलं. आत्याचे डोळे ओले होते आणि तोंडावर माती होती. तिने कमरेची गाठ सोडली, गुडघ्यांवर हात ठेवून उठली, दोन्ही पाय जमिनीवर नीट रोवले. सगळे ते दोन शब्द ऐकायला थांबले.

आत्याने मालकांकडे बघितलं, हात झटकले आणि काहीही न बोलता, कपाट सरकवल्यासारखी, जेवायला घरी निघून गेली.

मालक दोर हातात घेऊन तिथेच उभे होते.